एकच मुलगी दोनदा

माझे वडील रविवारी फोनवर विचारायचे, "तू तिथं जयपुरात नेमकं करतूस काय?" सुरुवातीला मी त्यांना जावा, डेटाबेस, सर्व्हर असं समजावून सांगत असे. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न विचारायचे. शेवटी एकदा मी म्हणालो, "याद्या करतो."

"म्हंजी तलाठ्यावानी?"

"तसंच समजा."

तेव्हापासून त्यांनी विचारलं नाही. मी त्यांना खोटंही सांगितलं नव्हतं. मी खरोखरच याद्या करतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्या पदवीवर मला मिळालेलं काम याद्या करण्याचं आहे.

आमची कंपनी लहान, जयपूरच्या झालाना भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. मी लागलो तेव्हा एका धर्मादाय संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहांचं काम चालू होतं. बारावी झालेल्या, बाहेरगावच्या मुली ऑनलाइन अर्ज भरायच्या, वसतिगृहाच्या वॉर्डनबाई ते तपासायच्या आणि मग निवड व्हायची. या कामात जिकडे पाहावं तिकडे यादी होती. अर्जांची यादी, खोल्यांची यादी, कागदपत्रांची यादी. प्रत्येक यादीसाठी कुणीतरी आधीच्या यादीचा कोड उचलून चिकटवला होता. एका पडद्यावर पानं शून्यापासून मोजली जात, दुसऱ्यावर एकपासून. एका ठिकाणी 'पुढचं पान' हे बटण शेवटच्या पानानंतरही चालायचं आणि कोरा तक्ता दाखवायचं.

मी महिनाभर खपून त्या सगळ्याच्या जागी दोन क्लास लिहिले. पहिला क्वेरीचा. काय शोधायचं, कोणत्या अटी लावायच्या, कोणत्या रकान्याप्रमाणे क्रम लावायचा, ते त्याला सांगायचं. दुसरा पानाचा. एका पानावर किती ओळी, आपण कितव्या पानावर आहोत, एकूण पानं किती, ते तो सांभाळायचा. नवी यादी करायची झाली की हे दोन क्लास घ्यायचे आणि चार ओळी लिहायच्या. जुन्या कोडचे ढीग मी पुसून टाकले, तेव्हा कपाट आवरल्यासारखं वाटलं होतं. आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम सहसा कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "अच्छा साफ़ किया." मी प्रोबेशनवर होतो. मे महिन्याच्या अखेरीस मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, आणि ते तीन शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

जे घडलं ते त्याच मे महिन्यात, एका दिवसात. वॉर्डनबाई आणि मॅडम यांच्याशी बोलणं अर्थातच हिंदीत झालं. आठवतं तसं बरंचसं मराठीतच लिहितो.

सकाळी अकराच्या सुमारास वॉर्डनबाईंचा फोन आला. "बेटा, तुमच्या यादीत एकच मुलगी दोनदा कशी येते? सातव्या पानावर आहे, आठव्यावरही आहे. जुळी आहे का?"

मी तपासून सांगतो म्हणालो. तिचा अर्ज डेटाबेसमध्ये एकदाच होता. मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "एकदाच आहे ना? मग झालं. त्यांना म्हणावं, एक खोडा."

माझ्या शेजारी आमचं काम चालवून तपासणारी टेस्टर बसायची. ती मूळची साताऱ्याकडची, पण वडील फौजेत, त्यामुळे लहानपण छावण्यांमध्ये गेलेलं. आता ते जयपूरच्या लष्करी ठाण्यात होते. साताऱ्यात ती सलग महिनाभरही राहिलेली नव्हती. तिचं मराठी हिंदीला टेकून चालायचं, पण माझ्याशी ती हट्टाने मराठीच बोलायची आणि मला दादा म्हणायची. ती म्हणाली, "दादा, एकूण किती आहेत?"

"चारशे अठरा."

"आणि पानं?"

"एकवीस. वीस पानांवर वीस-वीस, शेवटच्यावर अठरा."

"मतलब ओळी चारशे अठराच आहेत. मग ती दोनदा आली तर एक जास्त व्हायला पाहिजे ना? जास्त का नाही झाली?"

मी पुन्हा मोजलं. ओळी तेवढ्याच आणि एक मुलगी दोनदा. याचा अर्थ दुसरी कुणीतरी एकदाही आलेली नव्हती.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली नाहीत. जुना कोड मी पुसला होता, पण त्याची नोंद शिल्लक होती. त्यात अर्जांच्या यादीला दोन रकान्यांनी क्रम लावलेला होता. आधी टक्केवारी, मग अर्ज क्रमांक. माझ्या येण्याआधीच सोडून गेलेल्या कुणीतरी ते लिहिलं होतं, आणि का, ते सांगितलं नव्हतं. टक्केवारीने क्रम लागलाच आहे तर वर अर्ज क्रमांक कशाला, म्हणून मी तो काढला होता. माझ्या क्लासमध्ये क्रमासाठी एकच रकाना चालायचा. मला ते सुबक वाटलं होतं.

पण आमच्या अर्जात टक्केवारी पूर्णांकात भरायची होती. बहात्तर टक्केवाल्या मुली तीस-चाळीस होत्या. त्या तीस-चाळिसांत आधी कोण आणि नंतर कोण, हे डेटाबेसला कुणी सांगितलेलंच नव्हतं. प्रत्येक पान मागताना तो यादी नव्याने लावायचा आणि सारख्या टक्क्यांच्या मुली मनाला येईल तशा उभ्या करायचा. सातवं पान मागताना जी त्या पानावर शेवटची होती, ती आठवं मागताना त्या पानावर पहिली यायची. ती दोनदा दिसायची, आणि तिच्या जागी पुढे सरकलेली दुसरी कुठेच दिसायची नाही.

टेस्टर माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मी टेस्टसाठी तीस मुली भरल्या होत्या. सगळ्यांना वेगवेगळे मार्क दिले. नव्वद, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी..."

"का?"

"सारखे दिले असते तर छान नसतं दिसलं."

ती एक ओळ पुन्हा घालणं सोपं होतं. मी ती घातली. क्लासमध्येच अशी सोय केली की कुणी कोणताही क्रम सांगो, शेवटी अर्ज क्रमांक लागणारच. पण वॉर्डनबाईंची तपासणी कोडमध्ये नव्हतीच. ती कागदावर होती. मी त्यांना पुन्हा फोन केला तेव्हा हे कळलं. त्यांना संगणकावर खूण करणं पटत नसे. चार दिवस बसून त्यांनी यादीचं एकेक पान उघडून छापून घेतलं होतं, प्रत्येक नावाचा अर्ज पाहून पेनाने बरोबर-चूक केलं होतं, आणि एकवीस कागदांचा गठ्ठा तयार होता. ज्या नावापुढे खूण आहे तेच नाव समितीपुढे जाणार होतं.

"समिती केव्हा आहे?" मी विचारलं.

"आजच, चार वाजता. आणि पाच वाजता गेटवर यादी लागणार. का रे?"

तेव्हा बारा वाजून गेले होते. मी "पुन्हा फोन करतो" म्हणालो आणि मॅडमकडे गेलो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगतो. मला शिकवलं ते त्यांनीच. पण त्या म्हणाल्या, "दुरुस्ती संध्याकाळी चढवू. दिवसा सर्व्हर बंद करायचा नाही. त्यानंतर एक व्यवस्थित मेल लिहू. आत्ता फोनवर आमची चूक झाली असं काही बोलू नकोस."

"पण मॅडम, संध्याकाळी यादी लागून गेलेली असेल."

"किती मुली राहिल्या आहेत?"

"माहीत नाही. एक असेल, वीस असतील. त्यांचे कागद आणि आपला डेटा जुळवल्याशिवाय कळणार नाही."

त्या म्हणाल्या, "इसी महीने तुम्हारा कन्फ़र्मेशन है. याद है ना?"

मला आठवत होतंच. मी जागेवर आलो आणि सगळ्या चारशे अठरा अर्जांची यादी अर्ज क्रमांकाच्या क्रमाने छापायला टाकली. कागद वाचावा म्हणून आमचा प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापायचा. पहिला कागद हातात आला तेव्हा मी सवयीने त्याच्या तळाशी पेनाने लिहिलं: कृ. मा. प.

टेस्टरने विचारलं, "ही कोणाची सही आहे?"

मला एकदम हसू आलं आणि लगेच गेलं. कारण एकेकाळी मीही हेच विचारलं होतं.

सातवी झाल्यावर तालुक्याच्या गावी वसतिगृहात माझा अर्ज केला होता. वसतिगृह मिळालं तर शाळा पुढे, नाहीतर वडिलांबरोबर वीटभट्टीवर. यादी लागायच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. कचेरीच्या दाराशी खिळ्याला सुतळीने एक कागद टांगलेला होता. वडिलांना वाचता येत नाही. ते दोन पावलं मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बघ." मी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं. माझं नाव नव्हतं. तळाशी 'कृ. मा. प.' असं लिहिलं होतं. ती मला साहेबांची सही वाटली. मी वडिलांना सांगितलं, "न्हाई आलं." त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. मला वाचता येत होतं, म्हणजे मी म्हणतो ते खरंच असणार.

आम्ही एसटी स्टँडवर पोचलो तोवर मागून कचेरीचा शिपाई सायकलवर आला. धापा टाकत म्हणाला, "ओ मामा, मागल्या अंगाला बी नावं हायती! पोरगं शिकलेलं हाय न्हवं? मग कागद कोण उलटणार?" माझ्याइतकेच गुण असलेले आणखी काही जण होते, त्यांच्यानंतर माझं नाव मागच्या बाजूला सगळ्यात वर गेलं होतं. कृ. मा. प. म्हणजे कृपया मागे पहा, हे मला त्या दिवशी कळलं. त्या माणसाने सायकल काढली नसती तर हे लिहिणारा हात आज विटा उचलत असता. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

टेस्टरला मी यातलं एवढंच सांगितलं, "सही नाही. म्हणजे, कागद उलटा."

मग मी कागद सदऱ्यात खोचले आणि मॅडमना म्हणालो की मी वसतिगृहावर चाललो आहे, अर्ध्या दिवसाची रजा लावा. त्यांनी "ठीक है" म्हटलं नाही आणि "नको" पण म्हटलं नाही.

टेस्टर उठली. "दादा, मी पण चालते."

"चालत नको गं, बाहेर आग लागलीय."

"अरे, चालते मतलब... येते! स्कूटी आहे माझी. बस मागे."

वसतिगृह जवाहर नगरात. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि वारा असा की तोंडाला भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटत होतं. टेस्टरने ओढणी डोक्याला गुंडाळून स्कूटी अशी हाणली की मी मागे कागद छातीशी धरून फक्त सिग्नल मोजत होतो. पोचलो तेव्हा दीड वाजला होता. वॉर्डनबाई जेवायला घरी गेल्या होत्या आणि गठ्ठा कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला. सव्वादोनला त्या आल्या.

त्या साठीच्या असतील. मी उभा राहिलो आणि रस्ताभर पाठ केलेलं बोललो, "मैम, यादी चुकली आहे. चूक माझी आहे. काही मुली तुमच्या कागदांवर आल्याच नाहीत."

त्यांनी खुर्चीत बसून चष्मा पुसला. "चार दिवस बसून डोळे फोडले मी. आणि तू म्हणतोस कागद खोटे?"

"कागदावर आहेत त्या खऱ्या आहेत. नाहीत त्या शोधायच्या आहेत."

"रजिस्टर होतं तेव्हा असं एकदाही झालं नाही."

"हो, मैम."

त्यांनी किल्ली काढली.

वॉर्डनबाई आपल्या कागदांवरून एकेक अर्ज क्रमांक वाचायच्या, मी माझ्या यादीत तो शोधून टेस्टरला दाखवायचो, आणि ती टिंब द्यायची. कुणी दुसऱ्यांदा आली की दुसरं टिंब. कूलरच्या आवाजात 'उन्नीस' आणि 'उनतीस' सारखेच ऐकू यायचे. दोनदा चुकलं. पाचव्या पानाला मागे जाऊन पुन्हा वाचलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघत होतो.

बाराव्या कागदानंतर चौदावा आला.

"तेरावा?" मी म्हणालो.

बाईंनी गठ्ठा चाळला. कपाट पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. तेरावा कागद नव्हता. वीस मुली त्याच्यावर होत्या आणि त्यांच्यापुढच्या खुणाही. घड्याळात पावणेतीन झाले होते. बाई स्वतःशीच पुटपुटत उठल्या, मग एकदम थांबल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे गेल्या. तिथे ताकाचा पेला होता, आणि माशा बसू नयेत म्हणून त्यावर दुमडलेला एक कागद.

"आंटीजी," टेस्टर म्हणाली, "यह भी ऑनलाइन कर दें?"

बाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि मग स्वतःच हसल्या. त्या दुपारी तेवढंच हसणं झालं. कागदावर पेल्याचं ओलं कडं उमटलं होतं, पण आकडे वाचता येत होते.

शेवटचा क्रमांक वाचून झाला तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती. आम्ही मोजलं. दोन टिंबं असलेल्या अकरा. एकही टिंब नसलेल्या अकरा. हिशोब जुळला याचा मला क्षणभर आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

अकरा अर्ज, त्रेपन्न मिनिटं. मी क्रमांक टाकून एकेक अर्ज उघडत गेलो. बाई प्रत्येक कागद पडद्याला नाक लावून वाचायच्या. मला वाटायचं, पुरे, करा खूण. पण त्या घाई करत नव्हत्या. आधीच्या चारशेसात जणींना जेवढा वेळ दिला तेवढाच यांना. उत्पन्नाचा दाखला, निकालपत्र, गाव. एकीच्या अर्जात वडिलांच्या सहीच्या जागी अंगठा होता. बाईंनी खूण केली आणि म्हणाल्या, "पुढची."

अकरावा अर्ज उघडला तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. समिती आली होती. टेस्टर दाराशी गेली आणि परत आली. बाईंनी अर्ज वाचला, परत वर जाऊन पत्ता वाचला आणि फुली मारली.

"का?" टेस्टरने विचारलं.

"जयपूरची आहे. वसतिगृह बाहेरच्यांना."

बाई गठ्ठा घेऊन समितीपुढे गेल्या, आणि यादी लागेपर्यंत थांबायचं म्हणून आम्ही व्हरांड्यात बसलो. टेस्टर त्या अकराव्या मुलीवरच अडून बसली होती. "इतकं केलं, आणि तिला तर नाहीच मिळालं."

मी म्हणालो, "तिला नाही म्हणाले, पण तिचा अर्ज वाचून म्हणाले." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मॅडमचा फोन आला. "किती निघाल्या?"

"अकरा."

त्या म्हणाल्या, "उद्या क्लास मला दाखव. आणि ती ओळ का आहे ते तिच्या वर लिहून ठेव, नाहीतर तुझ्यासारखा कुणी साफसूफ करणारा येईल आणि पुन्हा काढेल." माझ्या कन्फर्मेशनबद्दल त्या बोलल्या नाहीत. ते पत्र पुढे एक महिना उशिरा आलं. त्याचा या दिवसाशी संबंध होता का, मी कधी विचारलं नाही.

पाचला यादी छापून आली. अकरांपैकी चौघींची नावं त्यात होती. यादी दोन कागदांची. गेटबाहेर आईबाप, भाऊ, मुली अशी गर्दी जमली होती. एक माणूस सगळ्यांच्या मागे, झाडाच्या सावलीलाही न जाता, मुलीला पुढे ढकलत होता. "जा, देख."

वॉर्डनबाईंनी एका कागदामागे दुसरा ठेवला आणि दोन्हींना मिळून फलकावर एकच टाचणी लावली.

मी पुढे झालो, टाचणी काढली, पहिला कागद परत लावला आणि दुसरा त्याच्या शेजारी धरला. जागा नव्हती. खालचं सगळं झाकलं गेलं.

"अरे, मेसचं टाइमटेबल झाकलंस," बाई म्हणाल्या.

"मैम, जेवणाची वेळ सगळ्यांना माहीत असते."

त्यांनी पदराला खोचलेली दुसरी टाचणी काढून माझ्या हातात दिली आणि गेट उघडायला सांगितलं.